किती दिवस आहेस?

मालती गेल्याची बातमी मला तिच्या घरमालकांनी दिली, आणि तीही कशी, तर "बाई, तुमच्या मैत्रिणीच्या खोल्या आता कधी रिकाम्या होणार?" अशी. मी नुकतीच शाळेतून आले होते, पिशवी अजून हातातच होती. म्हटलं, रिकाम्या कशाला? सांगलीला भावाकडे औषधपाण्याला गेलीय, कावीळ उतरली की येईल. तर म्हणाले, "नाही, सकाळी तार आली ना..." आणि लगेच पुन्हा, "श्रावणाअखेर झालं तरी चालेल म्हणा." चाळिशीसुद्धा न गाठलेली बाई गेली आणि ह्यांना खोल्यांची पडली होती! साताऱ्यातल्या सभ्य माणसांवरचा माझा राग जुनाच आहे. त्या दिवशी तो ताजा झाला, आणि अजून उतरलेला नाही.

समाजशास्त्राच्या एम. ए.ला आम्ही दोघी वसतिगृहात एका खोलीत होतो. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता, त्यामुळे जो तो प्रबंधाला दुष्काळच घेत होता. मालती मार्गदर्शक सरांपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "मला घरात बायकांना होणाऱ्या मारहाणीवर लिहायचंय." सर मोठ्यानं हसले. "अहो, नवऱ्यानं मारलं अन् पावसानं झोडपलं, तक्रार कुणाकडे करणार? भांड्याला भांडं लागतंच. त्यावर एम. ए. कसली करताय?" बरीच हुज्जत झाली, आणि शेवटी सरांनी विषयाला नाव दिलं, 'ग्रामीण कुटुंबातील समायोजन'. मी चिडले. मालती शांतपणे म्हणाली, "नाव त्यांचं राहू दे गं. पोटात काय घालायचं ते मी बघते."

म्हसवडच्या बाजूच्या गावांत ती हिंडायला लागली. घरटी एक माणूस पलटणीत, आणि मागं सासू, सून, दीर. सासू उंबऱ्यात सूप घेऊन बसायची आणि सुनेच्या आधी स्वतःच सांगायची, "आमच्यात तसलं काय न्हाई बगा." सून मान हलवायची. एका सुनेनं मात्र मान हलवायला जरासा उशीर केला. पुढच्या खेपेला मालती गेली तर तिचा हात गळ्यात बांधलेला. पाटा पडला म्हणे हातावर. मालती परत आली ती न जेवता बसून राहिली, आणि मग स्वतःवरच ओरडली, "मी सासरी जाऊन विचारत होते! सासरी! अगं, माझ्यासारखी गाढव मीच!"

तेव्हा तिनं पंचमी धरली. आपल्याकडे नागपंचमीला भाऊ जाऊन बहिणीला घेऊन येतो, गावोगाव झाडांना झोके बांधतात, आणि सासुरवाशिणी चार दिवस मोकळ्या होतात. मालती त्यांच्या माहेरच्या गावांना गेली, झोक्यावर त्यांच्या शेजारी बसली, आणि बायका बोलायला लागल्या. फक्त एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. माहेरी आलेल्या लेकीला ओसरीवर, पाणवठ्यावर, देवळात, जो भेटेल तो एकच विचारतो, किती दिवस आहेस? मायेनंच विचारतात, खोटं कशाला बोलू. पण तो प्रश्न आला की बोलणारी बाई तिथंच मिटायची. मालती सगळं विचारायची, तेवढं मात्र तिनं कधी कुणाला विचारलं नाही.

तासगावकडच्या एका गावात तिला हौसा भेटली. सासर म्हसवडकडचं, नवरा सरहद्दीवर. झोका घेता घेता म्हणाली, "मार तर रोजचाच हाय ओ ताई, त्याचं काय न्हाई. पर ह्ये पलटणीत गेलं की थोरलं दीर..." आणि पाय टेकवून तिनं झोका थांबवला. आईला सांगितलंस का, असं मालतीनं विचारलं. सांगितलं होतं. मालती तशीच उठून चुलीपाशी गेली. आई पंचमीच्या गोड दिंडांसाठी पुरण वाटत होती. मालतीनं हात जोडले, लेकीला ठेवून घ्या म्हणाली. आई म्हणाली, "आवं, मला काय पोटच्या पोरीचं वाईट वाटत न्हाई व्हय? पर धाकटीचं लगीन व्हायचंय. झाकली मूठ ऱ्हाऊ द्या." आणि दारात उभ्या हौसाकडं वळून, "किती दिस हायस गं? उद्या निघालीस तर दादा सोडंल."

हौसा दुसऱ्या दिवशी गेली. दिवाळीच्या आत ती विहिरीत सापडली. पाय घसरला म्हणे! दुष्काळ सरला म्हणत होते, तरी तिकडचा सगळा तालुका पाण्यासाठी टाहो फोडत होता, आणि पाय घसरून बुडण्याइतकं पाणी नेमकं तिच्याच विहिरीत होतं.

मालतीनं त्यावर एक प्रकरण लिहिलं. मारहाणीचं सरांनी कसंबसं गिळलं होतं, पण हे वाचून ते लालबुंद झाले. "हे काढा. सासरे, दीर... घराघरांतली घाण आपण चव्हाट्यावर आणायची का?" मालतीनं एक ओळ काढली नाही. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. त्यांचा पहिला प्रश्न, "लग्न झालंय का तुमचं?" नाही म्हटल्यावर, "मग तुम्हाला यातलं काय कळणार?" आणि सगळे हसले. प्रबंध नाकारला, सुधारून पुन्हा सादर करा म्हणाले. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "सुधारून म्हणजे काय गं? हौसाला विहिरीतून काढू?" ती पदवी तिनं घेतलीच नाही.

मग साताऱ्यात येऊन एका शाळेत नोकरी, त्या दोन खोल्या, आणि पुढच्या खोलीत तुळईला टांगलेला झोपाळा. पंचमीला ज्यांना न्यायला कुणी येत नाही अशा बायका तिच्याकडे यायच्या. कुणी जेवून जायची, कुणी महिनोन्महिने राहायची. गल्ली काय काय बोलायची ते इथं लिहवत नाही. तिच्या घरात नियम एकच होता, किती दिवस आहेस हे कुणी कुणाला विचारायचं नाही. आणि दर पंचमीला हौसाची आई तासगावकडनं एस. टी.नं येऊन, फडक्यात दिंडं बांधून दारात उभी राहायची. मालती दिंडं घ्यायची, पण 'आत या' कधी म्हणाली नाही. मी एकदा म्हटलं, म्हातारी आहे गं. तर म्हणाली, "माफ करायचं ते हौसानं. मी कोण?"

शोकसभेला सर आले होते. फोटोला हार घालून बोलले, "मालतीबाई माझ्या लाडक्या विद्यार्थिनी. कौटुंबिक समायोजनावर त्यांनी मोलाचं काम केलं..." मला राहवेना. उठून म्हटलं, "सर, ते काम मारहाणीवर होतं. आणि तुम्हीच ते बुडवलंत." कुणीतरी माझा पदर ओढला, ही वेळ नव्हे म्हणून. मग चहा आला. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, कबूल. पण त्याच्या नावावर खोटं बोलावं असं कुठल्या शास्त्रात सांगितलंय?

गेल्या आठवड्यात पंचमी झाली. खोल्यांची किल्ली माझ्याकडेच आहे, आणि मालक काहीही म्हणोत, मी ती सोडणार नाही. दार उघडून बसले होते. ओठ सुजलेली एक पोर आली, ताई नाहीत म्हटल्यावर जायला निघाली, तिला मी झोपाळ्यावर बसवलं. आणि थोड्या वेळानं हौसाची आई आली, तशीच दारात, फडकं पुढं करून. मी म्हटलं, "ताई गेल्या हो आजी." म्हातारीनं फडकं छातीशी धरलं. मग म्हणाली, "आता ह्ये कुणाला देऊ?" मी झोपाळ्याकडं बोट केलं. उंबरा ओलांडून ती पहिल्यांदा आत आली, फडकं सोडून पोरीच्या हातात दिंड ठेवलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि जन्माच्या सवयीनं विचारलं, "किती दिस हायस गं?"

पोरीचा घास हातातच राहिला. मी जवळजवळ ओरडलेच, "आजी, या घरात हे विचारत नाहीत!"

म्हातारीनं हात काढून घेतला, आणि म्हणाली, "माझ्या घरात मी इचारलं हुतं."