जपानी पिकपसाठी इंजिन पाहिजे

स्थळ बघायला निघालं की पोरगी मिळो न मिळो, किस्से मात्र पोतंभर जमतात. आम्ही दोन वर्षं इंजिन बघत होतो, आणि तेही अप्पा लघाट्यांच्या पिकपसाठी, म्हणजे विचारूच नका.

ही पिकप अप्पांच्या वडिलांनी लिलावात घेतलेली. कुठल्याशा धरणाच्या कामाला ती जपानहून आली, काम संपलं, साहेबलोक परत गेले, गाडी इथंच राहिली. वडिलांनी तिच्यातून जन्मभर उज्जैनच्या भैरवगढचं छापील कापड वाहिलं आणि वर्षातून एकदा आमच्या मंडळाचा गणपती विसर्जनाला नेला. त्यांच्यानंतर स्टिअरिंग अप्पांकडे आलं.

एका वर्षी ऐन मिरवणुकीत, फ्रीगंजच्या पुलावर, इंजिन जाम झालं. गणपती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गेला. अप्पांचं बायपास तेव्हा नुकतंच झालेलं. घरी येऊन खुर्चीत बसले ते बसलेच. चहा घेणार? हं. जेवणार? हं. दोन महिने हेच. सुमनवहिनी आमच्याशी बोलताना डोळे पुसायच्या.

मग मंडळाच्या कमिटीनं कळवलं की आणखी दोन गणपती वाट बघू, नाही तर कायमची ट्रॉली. अप्पा त्याच दिवशी उठले, चपला घातल्या आणि टावर चौकामागच्या मांगीलाल मिस्त्रीच्या गॅरेजवर जाऊन बसले. मागोमाग मी, बँकेतून रिटायर झालेला रिकामा माणूस. आणि प्रधानसर, फिजिक्सचे रिटायर मास्तर, तेही रिकामेच.

*

मांगीलालला जीपचं डिझेल इंजिन हवं होतं. मला व्हॅनचं छोटं पेट्रोल. प्रधानसरांना कारचं, कारण त्यांनी वजनाचं गणित मांडलं होतं. आणि अप्पांना जुनंच हवं होतं, ज्याचे पार्ट आता जपानातसुद्धा मिळत नसावेत.

मांगीलाल म्हणाला, बघा तर खरं. त्यानं एक डिझेल इंजिन जुन्या टायरांवर ठेवलं आणि चालू केलं. गॅरेज असं थरथरायला लागलं की पान्हे खिळ्यांवरून खाली. इंजिन टायरांवरून घसरलं आणि टुणटुणत दाराकडे निघालं. आम्ही चौघं मागे झालो, त्याला वाट दिली.

अप्पा शांतपणे म्हणाले, "हे स्वतःच चाललंय की. याला गाडी कशाला हवी?"

मांगीलाल आठ दिवस आमच्याशी बोलला नाही. चहा मात्र पाजत होता.

*

जुनं इंजिन अप्पांनी भंगारात देऊ दिलं नाही. घरी नेलं, बैठकीच्या कोपऱ्यात ठेवलं आणि वरून भैरवगढची लाल चादर पांघरली.

चैत्रातलं हळदीकुंकू होतं. आपल्या उज्जैनात कसं आहे, वळणावळणावर शेंदूर लावलेला भैरव. लाल कपड्याखाली काही उंच, ओबडधोबड दिसलं की हात आपोआप जोडले जातात. पहिल्याच बाईनं चादर जराशी सारली, इंजिनाला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं. पाठीमागच्या बायकांनी तिचं पाहून तेच केलं. एकीनं तर जाता जाता विचारलं, कुलदैवत का तुमचं?

वहिनींनी आम्हाला दुसऱ्या दिवशी सांगितलं तेव्हा अजून फणफणत होत्या. म्हणाल्या, "लोक त्याला हात जोडतात, मी कपाळाला लावते. कधी ठरायचंय ते एकदाचं इंजिन?"

आम्ही मान खाली घालून पोहे खाल्ले.

*

प्रधानसर म्हणाले, आधी माप, मग माल. त्यांनी मंडळाच्या मखरातलं उरलेलं थर्माकोल आणलं आणि कारचं इंजिन हुबेहूब कोरलं, त्याला चंदेरी रंग दिला, बेल्टच्या जागी काळी रिबन लावली. बॉनेटखाली असं चपखल बसलं की अप्पा मिनिटभर बघत राहिले. काढायला नको म्हणाले.

पिकप रंगाऱ्याकडे ढकलत नेताना चौकात पोलिसानं अडवलं. त्यानं बॉनेट उघडायला लावलं आणि बघतच राहिला. "क्या बात है! गाडी इतनी पुरानी और इंजन चकाचक! फिर धक्का क्यों मार रहे हो?"

मांगीलाल म्हणाला, "साब, अभी नया है, धूप से बचा रहे हैं."

पोलिसानं गंभीरपणे मान हलवली आणि चौक ओलांडेपर्यंत स्वतः मागून एक हात लावला. पुढं खरं कारचं इंजिन आणलं तर खालचा ऑइलचा डबा आडव्या दांडीवर आपटला. सरांनी वरची बाजू कोरली होती, खालची विसरले होते. एवढ्यावरून त्यांना अजून ऐकवतो आम्ही.

*

दुसरे गणपती महिन्यावर आले आणि गाडी अजून धक्क्यावरच. अप्पा पुन्हा गप्प होतील की काय, अशी मला भीती वाटायला लागली. बुधवारी कुणाला न सांगता चिंतामण गणेशाला गेलो. तिथली रीत सगळ्यांना ठाऊक आहे: काही मागायचं तर देवळामागच्या भिंतीवर उलटं स्वस्तिक काढायचं, मिळालं की येऊन सरळ काढायचं. मी व्हॅनचं इंजिन मागून उलटं स्वस्तिक काढलं. शेजारी बघतो तर प्रधानसर, बोटाला कुंकू! त्यांच्या पलीकडे मांगीलाल. तिघांनी तीन वेगवेगळी इंजिनं मागितलेली. देवाची पंचाईत केली होती बिचाऱ्याची.

खजील होऊन परत निघालो. वाटेत एका पिठाच्या गिरणीपाशी मांगीलालनं स्कूटर थांबवली आणि कान टवकारले. गावात वीज गेली होती आणि गिरणी इंजिनावर चालली होती.

"भिया," तो म्हणाला, "ये आवाज तो अपनी गाड़ी की है."

धरणावर तशा दोन पिकप आल्या होत्या. दुसरीची बॉडी केव्हाच गेली, इंजिन गिरणीत दळत बसलं होतं. गिरणीवाल्याला बदल्यात मांगीलालचं डिझेल दिलं. त्यानं ते काँक्रीटमध्ये चार बोल्टनी असं आवळलं की पुन्हा कुठं जायचं नाव काढणार नाही.

त्या वर्षी गणपती पिकपमधून गेला. अप्पा स्टिअरिंगवर होते. पूल एका दमात चढला. मी मागे गणपतीला धरून उभा होतो आणि खरं सांगतो, मला रडू आवरलं नाही.

*

पुढच्या बुधवारी सगळे चिंतामणला गेलो, पिकपमधूनच. आम्ही तिघांनी आपापली स्वस्तिकं सरळ काढली. देवानं आमचं इंजिन दिलं नाही, पण हिशेब कोण धरतो?

वहिनींनी सरांच्या हातातली कुंकवाची पुडी घेतली आणि एक सरळ स्वस्तिक काढलं. मी चकित झालो. "वहिनी, तुम्ही कधी मागितलं होतं?"

"दोन वर्षं झाली. ते पहिल्यांदा गॅरेजवर गेले, त्याच बुधवारी."

"काय मागितलं होतं?"

"इंजिन लवकर ठरू नये."

वहिनींनी पुन्हा कुंकवात बोट बुडवलं आणि शेजारी एक नवं, उलटं स्वस्तिक काढायला घेतलं.

"आता हे कशाला?"

त्यांनी बाहेर पाहिलं. अप्पा बॉनेट उघडून तीन अनोळखी माणसांना हातवारे करून काहीतरी समजावत होते, आणि ती माणसं हसत होती.

"गिअरबॉक्स," वहिनी म्हणाल्या.