डावीकडची मोकळी जागा

आधीच सांगतो — भूत, पिशाच्च, देवचार यांतलं मी काही मानत नाही. आमच्या घरात देव्हाऱ्यापेक्षा पत्रकांचे गठ्ठे मोठे होते. अक्षरं मी त्यांच्यावरच गिरवली. वाटेवरच्या देवचाराला विडी ठेवणाऱ्यांची टिंगल करणारं पत्रक मी स्वतः लिहून पेडण्याच्या बाजारात वाटलंय. तेव्हा पुढचं वाचून कुणी हसलं तर माझी तक्रार नाही. मीही हसलो असतो.

गोवा घटक राज्य व्हायच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी आणि उल्हास दोघे धारगळचे, पेडण्याला एकाच सरकारी कचेरीत कारकून. टेबलाला टेबल लागून. रोज सकाळी आठला सायकलींवरून निघायचो. उल्हासने एका म्हाताऱ्या पोदेराचा — सायकलवरून घरोघरी पाव विकणाऱ्याचा — जुना रबरी भोंगा मागून आणून आपल्या हॅण्डलला बांधला होता. तो पों पों वाजला की वाटेवरची कुत्री काजूच्या बागांतून, दगडी कुंपणांच्या गडग्यांवरून उड्या मारत यायची. उल्हासच्या पिशवीत त्यांच्यासाठी कालचे उंडे — गोल पाव — असायचे.

कुत्र्यांना त्याने हुद्दे दिले होते. लठ्ठ पिवळा तो मामलेदार. तुटक्या कानाचा तलाठी. आणि चढणीपर्यंत इमानाने पोचवून मागे फिरणारी काळी — कंडक्टरीण. "कितें सायबा, आज लेट?" असं तो मामलेदाराला ओरडून विचारायचा. चालायची रीतही ठरलेली : मी रस्त्याच्या मधल्या बाजूला, माझ्या डावीकडे उल्हास, आणि त्याच्या डावीकडे कडेच्या मातीवरून धावणारी ही मंडळी.

मग राजभाषेचा वाद पेटला. मी मराठीच्या बाजूचा, तो कोंकणीच्या. आणि गंमत बघा — आम्ही भांडायचो ते एकाच बोलीत!

एकदा कचेरीत सगळ्यांसमोर मी त्याच्यापुढे सहीसाठी पत्रक धरलं. तो म्हणाला, "हें पयलीं मामलेदाराक वाचून दाखय. ताका कळ्ळें जाल्यार हांवय सही करतां!"

त्याला कळलं तर मीही सही करतो, म्हणे! खरे मामलेदार आतल्या खोलीत होते, आणि हा कुठला मामलेदार ते सगळ्यांना ठाऊक होतं. कचेरी खो खो हसली. मला ते झोंबलं. पुढच्या पत्रकात मी लिहिलं — 'आमच्यातच काही आहेत, शिळ्या पावाच्या तुकड्यासाठी शेपूट हलवणारे.' नाव घातलं नव्हतं. घालायची गरजही नव्हती. दुसऱ्या दिवशी उल्हास आत शिरला तेव्हा कुणीतरी तोंडाने पों पों केलं.

तो माझ्या टेबलाशी आला. "माका कितेंय म्हण," हळूच म्हणाला, "पूण सुण्यांचें नांव कित्याक घेतलें?"

कुत्र्यांचं नाव का घेतलंस... एवढंच. त्या दिवसापासून तो माझ्या दहा मिनिटं आधी निघू लागला.

मे महिन्यात तो रजेवर गेला. डिचोलीला बहिणीकडे आहे असं कळलं. मला वाटलं, सभा-मोर्चांसाठी गेला असणार. मग एक दिवस कचेरीच्या पत्त्यावर माझ्या नावाचं इनलॅण्ड आलं. पाठवणारा उल्हास, अक्षर अनोळखी. मागे लिहिलेलं — 'बेगीन उगड.' लवकर उघड.

आम्ही सभेत शपथ घेतली होती : कोंकणीतला पत्रव्यवहार स्वीकारायचा नाही. मला वाटलं, हा मुद्दाम डिवचतोय. मी लाल शाईने त्यावर 'मराठीत लिहावे' असं लिहिलं आणि न उघडता परत पाठवलं. एकाने माझी पाठ थोपटली. खोटं कशाला सांगू, त्या वेळी छाती फुगली होती.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी... सकाळची वेळ, लख्ख ऊन, पानसुद्धा हलत नव्हतं. मी एकटाच निघालो होतो. माझ्या एकट्यासाठी ती कुत्री कधी उठत नसत — मान वर करायची आणि परत झोपायची. त्या दिवशी आधी मामलेदार गडग्यावरून उडी मारून आला. मग तलाठी. मग काळी. सगळी शेपट्या हलवत माझ्या डावीकडून धावू लागली. पण माझ्याकडे कुणी बघत नव्हतं! माझ्यात आणि त्यांच्यात एका सायकलीएवढी जागा सोडून ती त्या जागेकडे माना वर करून बघत होती. त्या जागेत एकही कुत्रं शिरलं नाही. मी वेग कमी केला, तीही हळू झाली. मी थांबलो — ती थांबली नाहीत. रिकाम्या जागेला धरून चढणीपर्यंत तशीच गेली आणि तिथे नेहमीसारखी मागे फिरली.

मला भोंगा ऐकू आला का? नाही. काहीच ऐकू आलं नाही. मातीत फक्त पंजे उमटले होते.

अकरा वाजता कचेरीत फोन आला. उल्हास गेला. कावीळ. आदल्या दिवशी संध्याकाळी. त्याच क्षणी गेला असता तर गोष्ट छान जुळली असती, पण जुळत नाही. मी जे घडलं तेच लिहितोय. एक मित्र म्हणाला, कुत्र्यांना पत्रकं चिकटवायच्या मैद्याच्या खळीचा वास आला असेल. त्या दिवशी माझ्या कॅरिअरला फक्त छत्री होती.

बाराव्यानंतर मी डिचोलीला गेलो. खनिजाचे ट्रक जात होते, दाराला लाल धूळ बसली होती. त्याच्या बहिणीने मला ओळखलं. आतून तेच इनलॅण्ड आणि भोंगा आणून समोर ठेवला.

"आक्का, मला वाटलं, त्याने मुद्दाम कोंकणीत..."

"तो तापांत सांगत गेलो, तशें हांवें बरयलें," ती म्हणाली. "तुमी दोगूय उलयताले तशेंच."

तो सांगत गेला, तिने लिहिलं — आम्ही दोघे बोलायचो तसंच. मी तिथेच पत्र फोडलं. 'माका कावीळ जाल्या. इतल्यांत येवंक मेळना. तूं त्याच वाटेन वतास, सुण्यांक उंडे घाल मरे. राग मागीर काड.'

राग नंतर काढ.

आता माझ्या हॅण्डलला तो भोंगा आहे, पिशवीत उंडे असतात. कुत्री येतात, खातात, माझ्या मागच्या चाकाला चिकटून धावतात. त्या सकाळी ती कुणाबरोबर गेली, मला सांगता येत नाही. देवचार मी आजही मानत नाही. पण आता ती जागा कुत्री सोडत नाहीत, मी सोडतो. सायकल रस्त्याच्या मधूनच चालवतो. म्हापशाचे बसवाले मागून हॉर्न मारतात, "कडेक जा रे!" म्हणून शिव्या घालतात. मी कडेला जात नाही.