करपलेल्या भाकरीची साक्ष

तिचं नाव विसरले, भाकरी नाही. पंचाहत्तर सालाच्या सुमारास मिरजेच्या एका दवाखान्यात मी संशोधनासाठी मध्येच भान हरपणाऱ्या रुग्णांना छापील प्रश्न विचारायची. उंब्रजकडची ती सून सासूबरोबर आली होती.

"मधला वेळ आठवत नाही, असं होतं का?"

"न्हाई. मला समदं आठवतंय."

मी 'नाही'च्या चौकटीत फुली मारली. सासू उसळली, "म्या म्हनलं न्हवतं? सोंग हाय!"

सुनेनं पदराची गाठ सोडली आणि काळी ठिक्कर भाकरी माझ्या कागदावर ठेवली. "आवं बाई, जे आठवतच न्हाई, ते गेलं ह्ये मला कसं कळावं? ही तव्यावर टाकल्याली आठवती. मग एकदम अशीच दिसली. हिलाच इचारा."

मूर्ख माझा प्रश्न होता. मी फुली खोडली.

भाकरी पुन्हा पदरात बांधून ती उठली, आणि सासूच्या पुढे चालत बाहेर पडली.