मिरचीच्या रोपांवर आहेराची साडी

आमच्या आर्णीकडे साडी नेसतात किती आणि फिरवतात किती, ते विचारूच नका. लग्नात आहेर म्हणून आलेली साडी कपाटात जाते, पुढच्या बारशाला दुसऱ्या बाईच्या मांडीवर पडते, तिथून तिसऱ्या घरी. घडी मोडायची नाही, एवढाच नियम. नेसून जुनी झालेली मात्र राबते. गोधडी होते, लेकराची झोळी होते, शेवटी रानडुकरं आत शिरू नयेत म्हणून वावराच्या धुऱ्याला, म्हणजे बांधावर, बांधली जाते.

त्या उन्हाळ्यात मी मिरचीची रोपं टाकली होती. गावातल्या लोकांनी आधीच सांगून ठेवलं होतं, आम्ही तुझ्याकडूनच नेऊ. ही जगली तर माझी स्वतःची रोपवाटिका, नाही तर पुन्हा दुसऱ्याच्या वावरात निंदायला. आणि एका दुपारी वावटळ आली नि वाफ्यांवरची सावलीची हिरवी जाळी चिंध्या करून गेली. तपन अशी, की मातीवर हात ठेववेना. दुकानदार म्हणाला, जाळी पुढच्या आठवड्यात येईल. रोपं तोवर थांबणार होती थोडीच!

नवरा म्हणाला, "जाऊ दे, नशीब आपलं." असा राग आला मला! इतके दिवस मी काय नशिबाला पाणी घालत होते? घरात गेले, कपाट उघडलं. जुन्या साड्या केव्हाच धुऱ्यावर गेल्या होत्या. उरल्या होत्या आहेराच्या, कोऱ्या करकरीत. एकेकीची घडी मोडली आणि सुतळीनं बांबूंना ताणून बांधली. पोपटी, जांभळी, एक जरीकाठाची. संध्याकाळी रोपांनी माना वर केल्या. मी वावरात एकटीच हसत उभी होते.

मग पुसदहून मोठी नणंद आली. सासरच्या माणसांत माझ्या बाजूनं बोलणारी ती एकटीच. वावरात आली आणि थबकली. जरीकाठाची साडी तिनंच आमच्या घरभरणीला दिली होती.

"अवं बाई! माही साडी डुकरं हाकलाले बांधली काय?"

"डुकरांसाठी नाही ताई, रोपांसाठी."

"एकच झालं! लोकं काय म्हनतीन मले? काढ आताच्या आता."

मी हलले नाही, तर तिनंच एक गाठ सोडली. ऊन थेट रोपांवर आलं. मी तिच्या हातातून पदर घेतला आणि परत बांधला. वर आणखी एक गाठ आवळली.

"ताई, तुमी रागवा. माह्याशी बोलूही नका. पन साडी निघनार नाही."

ती चहासुद्धा न घेता गेली. मला रडू कोसळलं. तिच्यावाचून त्या घरात माझं होतं कोण? पण रोपांना काय त्याचं? रडत रडत पाणी घातलं.

लागवडीच्या दिवसांत लोक रोपं न्यायला येऊ लागले. एक दिवस नणंदेचे यजमान मोटारसायकल घेऊन दारात उभे. त्यांनाही मिरचीच हवी होती. ती कशी आहे, विचारायचं धाडस मला झालं नाही. मी जवळच्या वाफ्यातली रोपं उपटायला वाकले, तर ते अवघडून म्हणाले,

"हे नको. तिनं बजावून धाडलं मले, माह्या साडीखालचीच आनजा."