वीतभर तार

सर्वणच्या देवळात जत्रेचं नाटक उभं राहिलं की पेटीच्या उजव्या अंगाची जागा कृष्णनाथाच्या घराची. आज्यानं तिथं बसून सारंगी वाजवली, बापानं फिडल. कृष्णनाथानं गिटार आणली तेव्हा म्हातारे कुरकुरले, पण जागेवरून त्याला कुणी उठवलं नाही. हा मान घराचा. तो काढून घ्यायचा अधिकार देवाशिवाय कुणाला नाही, असं आमच्याकडे मानतात.

गिटार त्यानं मुरगावच्या धक्क्यावर एका खलाशाकडून घेतली, आणि तिच्यासोबत एक जुना अँप्लिफायर. काळा, जड, समोर तांबडा दिवा. त्याला दोन चॅनल होते. एकातून आवाज उजळ निघायचा, नुकत्याच धार लावलेल्या कोयत्यासारखा. दुसऱ्यातून जाड, ओल्या मातीसारखा. नुसता उजळ कानाला बोचायचा, नुसता जाड घशात अडकल्यासारखा वाटायचा.

कृष्णनाथ दिवसा खाणीवर वीजकाम करी, त्यामुळे हाताला तारांची सवय. एका रविवारी त्यानं वीतभर तार कापली आणि दोन्ही टोकांना पिना सोल्डर केल्या. प्रत्येक चॅनलला दोन भोकं होती. गिटारची पिन पहिल्या चॅनलच्या एका भोकात घातली, आणि दुसऱ्या भोकातून ती वीतभर तार पलीकडच्या चॅनलला नेली. मग दोन्ही बटणं हळूहळू वर घेतली. जाड आवाजाच्या पोटातून उजळ आवाज वर आला आणि दोन्ही मिळून एकच भरलेला सूर घरभर झाला. त्याची बायको कमलाक्षी चुलीपाशी होती. तव्यावरचा पोळा करपला तरी ती दारातून हलली नाही.

"दुसरो कोण वाजयता?" तिनं विचारलं.

"कोण नाय. मीच."

त्या सुरावर त्याची दहा-बारा वर्षं सुखात गेली. त्याला दुसरं काही नको होतं. जत्रेला पेटीच्या उजव्या अंगाला बसावं आणि नांदीआधी तो सूर एकदा मंडपात भरावा, एवढंच.

पुढे खाणीवर त्याला कॉम्प्रेसरच्या शेडमध्ये घातलं. आठ आठ तास ती यंत्रं एकसारखी घणघणत. कानाला लावायला कुणी काही दिलं नाही, आणि मागावं हे त्यालाही सुचलं नाही.

एका तिन्हीसांजेला ओसरीवर बसून तो म्हणाला, "यंदा रातकिडे नाय."

कमलाक्षी त्याच्याकडे बघत राहिली. मागच्या काजूच्या रानात रातकिडे असे उठले होते की तिला आवाज चढवून बोलावं लागलं. "नाय?"

"खाणीच्या धुळीन मेले असतले."

ती चहाचा कप उचलून आत गेली.

त्याच सुमारास अँप्लिफायरमधला उजळ आवाज विझत चालला. निदान कृष्णनाथाला तसं वाटलं. त्यानं म्हापशाहून काचेचे व्हॉल्व्ह आणून बदलले. आतले सांधे पुन्हा सोल्डर केले. ती वीतभर तार तीनदा नवी केली. सूर जाडच राहिला. मग तो उजळ चॅनलचं बटण वर वर नेत गेला, शेवटी ते अडेपर्यंत.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षीची जत्रा. मराठीवाले आणि कोंकणीवाले त्या दिवसांत एकमेकांच्या ओसरीवर चढत नव्हते, नाटकमंडळीतही दोन तट पडलेले. पण एका गोष्टीत सगळ्यांचं एकमत होतं. कृष्णनाथाला कुणी काही सांगायचं नाही.

जत्रेच्या सकाळी देवळाशेजारच्या अग्रशाळेत शेवटची तालीम होती. सगुणमास्तर पेटीवर, बाबली तबल्यावर. कमलाक्षी पायरीवर बसून अबोलीचे वळेसर गुंफत होती.

"कृष्णनाथा, तुझो डबो म्हातारो झालो," मास्तर म्हणाले. "आता तेका पेन्शन दी."

"तुमच्या पेटयेक आधी देवया. तिचे तर दातय हलतत."

बाबली हसला. कृष्णनाथानं पाहिलं, दोघांच्याही कानांत पांढरे फाये आहेत. जत्रेला आमचे पुरुष अत्तराचा फाया कानात ठेवतातच. मंडळी रंगात आहे, असं त्याला वाटलं आणि बरं वाटलं.

ती वीतभर तार मास्तरांच्या मांडीपाशी पडली होती. ती उचलायला तो वाकला, तेव्हा त्यांचा कान त्याच्या नाकाशी आला. कापसाला कसलाच वास नव्हता. आणि तो कानाच्या पाळीत खोचलेला नव्हता. भोकात गच्च कोंबलेला होता.

त्यानं बाबलीकडे पाहिलं. मग पायरीकडे. कमलाक्षीनं पदर कानांवरून घट्ट घेतला, तरी पांढरं टोक दिसलंच.

"मास्तर, अत्तर खयचा?"

मास्तर पेटीचा भाता चाचपत राहिले. त्यांना ऐकूच गेलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं. मास्तरांनी एका कानातला बोळा काढून हातात धरला. "काय म्हणतस?"

बोळा त्यांच्या तळहातावर होता. दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं.

"अत्तर खयचा, म्हटलंय."

मास्तरांनी मूठ मिटली. "घरचाच," ते म्हणाले.

"बरो वास आसा," कृष्णनाथ म्हणाला.

तो आपल्या जागेवर जाऊन बसला. वीतभर तार गुंडाळून सदऱ्याच्या खिशात घातली. दोन्ही बटणं शून्यावर आणली. तांबडा दिवा तेवढा चालू ठेवला. मग गिटार मांडीवर घेऊन नांदीची चाल सुरू केली. बोटं तारांवरून बरोबर फिरत होती. हळूहळू मास्तरांनी दुसरा बोळा काढला, मग बाबलीनं. कमलाक्षी मान वर न करता वळेसर गुंफत राहिली.

जत्रेचं नाटक त्यानं तसंच वाजवलं. लोक म्हणाले, यंदा गिटार गोड लागली.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला तो ओसरीवर बसला होता. कमलाक्षी चहा घेऊन आली.

"रातकिडे आसत?" त्यानं विचारलं.

कप खाली ठेवायला तिला वेळ लागला.

"आसत."

"खूप?"

"खूप."

त्यानं डोळे मिटले आणि काजूच्या रानाकडे कान देऊन बसला. चहा निवाला तरी तो तसाच होता.