डॉक्टरीणबाईंच्या गाडीची बॅटरी

इकडे या बरं जरा. असे दारात उभे राहू नका, जवळ या, बसा. रागावत नाही, पण बोलल्याशिवाय राहवत नाही मला. गांधीबागेत साधं लुगडं घ्यायचं तर चार दुकानं पालथी घालता. पदर उजेडात धरता, सूत बोटांनी चोळून बघता. आणि गाडीची बॅटरी घ्यायला आलात की दारातूनच, "काकू, सगळ्यात मोठी असेल ती द्या!" असं असतं का?

तुमचं एकट्याचं नाही म्हणा. मालतीबाई डॉक्टर माझ्या दुकानात उभ्या राहून अगदी हेच म्हणाल्या होत्या. फरक इतकाच, की त्यांच्या मागे त्यांचा ड्रायव्हर दौलत मान खाली घालून उभा होता, आणि बाईंनी त्याला महिनाअखेरीस कामावरून काढायचं ठरवलं होतं. बॅटरीपायी.

आधी माझं सांगते, नाहीतर म्हणाल ही कोण. धंतोलीच्या कोपऱ्यावरचं बॅटरीचं दुकान मूळचं माझ्या सासऱ्यांचं. तेव्हा खेड्यांत वीज नव्हती. तिथले रेडिओ बॅटरीवर चालत, आणि त्या बॅटऱ्या चार्ज करून देणं हा आमचा धंदा. पुढे शहरात गाड्या वाढल्या, तसे आम्ही गाड्यांच्या बॅटऱ्यांकडे वळलो. आमच्या यांना दमा. ऍसिडच्या वासानं यांना धाप लागायची, मला लागायची नाही. म्हणून हे घर बघायचे आणि मी दुकान. शाळा माझी चौथीपर्यंत. बॅटरी मी शिकले ती मेलेल्या बॅटऱ्या फोडून, आत बघून बघून. सुती साडीवर ऍसिडचा थेंब पडला की दुसऱ्या धुण्यात भोक. म्हणून दुकानात मी टेरिलीनच नेसायची. नागपूरचा उन्हाळा आणि टेरिलीन! पण काय करता.

तर मालतीबाई. त्यांचं धंतोलीत बाळंतपणाचं हॉस्पिटल. गाडी काळी अँबॅसिडर. वर्ष भरायच्या आत दुसरी बॅटरी मान टाकत होती, आणि दोन्ही माझ्याच दुकानातल्या. त्या दिवशी सकाळी दुसऱ्या हॉस्पिटलातून अडलेल्या बाळंतिणीसाठी बोलावणं आलं आणि गाडी चालूच होईना. स्टार्टर नुसता कण्हला. बाई सायकलरिक्षानं गेल्या.

"मी पोचायच्या आत बाळ पोचलं होतं," त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत. "नशीब त्या बाईचं. पुढच्या वेळी नसेल. मला सगळ्यात मोठी बॅटरी द्या. तुमच्या मालाला मी नाव ठेवत नाही, काकू. माझं म्हणणं याच्याबद्दल आहे."

हा, म्हणजे दौलत. त्या काळी लाउडस्पीकरवाले, भजनवाले गाडीच्या बॅटरीवर भोंगा चालवत. काही ड्रायव्हर मालकाला न सांगता बॅटरी काढून त्यांना भाड्यानं देत आणि काम झालं की परत बसवून ठेवत. कोणी तर नवी विकून जुनी बसवत. असे होते, मी नाही म्हणत नाही. बाईंच्या कंपाउंडरनं नेमकं हेच त्यांच्या कानात भरलं होतं.

"काकू, तुमीच सांगा बाईले," दौलत म्हणाला. "मले एक भजन येत नाही. भोंगा घेऊन मी का करू?"

"तू गप्प बस," बाई म्हणाल्या.

मी त्यांच्याबरोबर हॉस्पिटलच्या पोर्चमध्ये गेले आणि म्हटलं, आधी बॉनेट उघडा. माझ्याकडून जाणाऱ्या प्रत्येक बॅटरीच्या शिशाच्या पट्टीवर मी ठोक्यानं एक खूण करायची. खूण जागेवर होती.

"बाई, बॅटरी बदललेली नाही. ही माझीच."

"मग भाड्यानं देत असेल. ते कसं कळणार?"

प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, "मोठी बॅटरी आज घेऊ नका. हीच मी चार्ज करून देते. एक आठवडा द्या मला."

चार्ज झालेली बॅटरी बसवली तेव्हा बाईंसमोर आणि दौलतसमोरच मी तारेच्या क्लॅम्पवर आणि त्याच्या नटावर मिळून लाल रंगाचा एक जाड ठिपका दिला. बॅटरी काढायची तर नट फिरवावा लागतो. नट फिरला की रंग तडकतो. पुन्हा जुळवता येत नाही.

बाईंनी वाकून बघितलं. "म्हणजे टाका घातला म्हणायचा."

"हो बाई. टाकाच."

बाई आत गेल्यावर दौलत तिथंच घुटमळला. उमरेडकडचा माणूस, चाळिशीचा. म्हणाला, "काकू, नोकरीचं एक राहू द्या. त्या तिथं झाडाखाली साऱ्या डॉक्टरांचे ड्रायव्हर बसतात. एक डाव बॅटरीचोर म्हटलं का मंग धंतोलीत कोणी स्टेअरिंगले हात लावू देत नाही. गावाले जाऊन तरी का सांगू मी?"

"काहून रडून राहिला गा? महिना सरला का अजून?" मी म्हटलं. पण खरं सांगते, मलाही धास्ती होती. रंग तडकला तर त्याचा निकाल मीच लावला असं होणार होतं.

आठवडाही भरला नाही. दौलत पायीच दुकानात आला. तोंडावर रंग नाही.

"काकू, बसली पुन्हा."

मी पदर खोचला आणि निघाले. बाई पोर्चमध्ये उभ्याच होत्या. बॉनेट उघडलं. लाल ठिपका जसाच्या तसा, एक रेघ नाही. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावून बघितलं. दौलतकडे एकदा बघितलं. मला म्हणाल्या, "मग बॅटरीच वाईट. द्या ना मोठी."

"थांबा बाई. नाडी बघू द्या."

नाडी म्हणजे हायड्रोमीटर. काचेची पिचकारी असते, आत एक तरंगता काटा. गाडीच्या बॅटरीत सहा खोल्या, त्यांना सेल म्हणतात. प्रत्येकातलं पाणी पिचकारीत ओढायचं. काटा वर तरंगला तर सेल भरलेला, बुडाला तर रिकामा. बॅटरी आतून खराब असेल तर बहुतेक वेळा एखादा सेल आधी जातो, बाकीचे बरे असतात. इथं सहाही सेल सारखेच खाली. आता घरातलं एखादं पोर वाळलं तर आजारी म्हणावं. सहाही पोरं सारखीच वाळली असतील तर चुलीकडे बघावं लागतं.

गाडीची चूल म्हणजे डायनॅमो. इंजिनाबरोबर फिरतो आणि बॅटरी भरतो. तो बिघडला असेल म्हणून तोही बघितला. पट्टा घट्ट होता. दौलतला ऍक्सिलेटर द्यायला लावला, मीटर लावला. चांगला भरत होता. म्हणजे चूल पेटत होती, स्वयंपाक होत होता, आणि पोरं उपाशी. आता आली का पंचाईत!

मी बाईंना म्हटलं, "मला उद्या दिवसभर तुमच्या गाडीत बसू द्या."

"गाडीत? कशाला?"

"तुम्ही पेशंटला ॲडमिट करून घेता की नाही? तसंच."

या वेळी मात्र त्या हसल्या.

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप घालून मी दौलतच्या शेजारी पुढच्या सीटवर बसले. बाई घरून निघाल्या. गल्लीच्या तोंडाशी वळलो, एक चौक ओलांडला, आलं हॉस्पिटल. इंजिन बंद. थोड्या वेळानं दुसऱ्या हॉस्पिटलचं बोलावणं. स्टार्टर. ते हॉस्पिटल दोन गल्ल्या सोडून. मधे एक रिक्षा आडवी, हॉर्न. पोचलो, इंजिन बंद. परत यायला पुन्हा स्टार्टर. मग तिसरीकडे. धंतोलीत तेव्हाही एका भिंतीला लागून दुसरं हॉस्पिटल, आणि मालतीबाईंना सगळीकडून बोलावणं. उकाडा म्हणून बाईंसाठी बसवलेला छोटा पंखा गाडी चालू असेतो गरगरत होता, तोही बॅटरीवरच. डॅशबोर्डवर एक लाल दिवा असतो. तो विझला की समजायचं, डायनॅमो बॅटरीला भरवतोय. इथं दिवा विझायचा, चौक आला की गाडी हळू आणि दिवा पुन्हा लागायचा. घास तोंडाशी न्यायचा आणि ताट ओढून घ्यायचं, असं चाललेलं दिवसभर.

"दौलत, लांब कुठं जात नाही का रे गाडी?"

"कुठं जाते? बाईले फुरसत कुठं हाय? साऱ्या दिवसात तेल जळून नाही राहिलं एवढं."

संध्याकाळी बाईंच्या खोलीत आम्ही तिघं. मी सांगितलं, "बाई, इंजिन चालू करताना बॅटरी एका दमात खूप देते. ती भरपाई व्हायला गाडी मोकळ्या रस्त्यावर बऱ्यापैकी चालावी लागते. तुमची चालतच नाही. नुसती उठते नि बसते. पण एक गोष्ट मला कळत नाही. तुमचं हॉस्पिटल आजचं नाही, या गल्ल्याही आजच्या नाहीत. या दोन्हींच्या आधीची बॅटरी चांगली तीन वर्षं चालली होती. मग आताच काय झालं?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं, आणि एकदम त्या डॉक्टर झाल्या. पेशंटला विचारतात तशा दौलतला विचारायला लागल्या.

"पहिल्यांदा गाडी कधी रुसली?"

"दिवाळीच्या मंग, बाई."

"दिवाळीच्या आधी वेगळं काय होतं? खाणंपिणं... म्हणजे, जाणंयेणं?"

दौलत चुळबुळला. बाईंनी दटावलं. मग हळूच म्हणाला, "आधी आपुन दर आयतवारी कामठीले जात होतो ना, बाई."

कामठीचं सांगते. बाईंच्या मावशी कामठीला राहत. त्यांच्या ओसरीवर दर रविवारी मालतीबाई गरोदर बायका तपासत, फी न घेता. मग पेट्रोल एकाएकी महागलं. बाईंनी कामठी बंद केली आणि दौलतला ताकीद दिली की गाडी थांबली की इंजिन बंद करायचं.

"म्हणजे आठवड्याचं एक पोटभर जेवण होतं, तेच मी तोडलं," बाई म्हणाल्या. "हे कुपोषण आहे, काकू. आणि मी पेशंटला मोठं पोट बसवून मागत होते."

मी इतकं चांगलं बोलू शकले नसते. पुढे कित्येक गिऱ्हाइकांना मी त्यांचंच वाक्य ऐकवलं.

आता बॅटरीचं. ती बदलावी लागलीच. महिनोन्‌महिने अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीच्या आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर पांढरं किटण धरतं, मग कितीही भरा, ती भरत नाही. पण मोठी मी दिली नाही. मोठा माठ ठेवला म्हणून नळाला पाणी जास्त येत नाही. शिवाय मोठी त्या जागेत नीट बसत नाही, खड्ड्यात आदळते, आतल्या पट्ट्या सुटतात. गाडीला जी ठरलेली, तीच. फक्त कारखान्यातून नुकती निघालेली बघून घेतली. दुकानात वर्षभर धूळ खात पडलेली बॅटरी बाहेरून कितीही चमको, आतून म्हातारी झालेली असते. तेव्हा चमक बघू नका, तारखेचा शिक्का बघा. मग ती मी माझ्याच हातानं सावकाश चार्ज केली, घाई केली नाही. पहिलं चार्जिंग घाईत केलं की बॅटरी जन्मभर कुरकुरते. आणि ऍसिड जरा सौम्य ठेवलं. लोक येऊन सांगतात, "काकू, कडक ऍसिड घाला." चहा आहे का तो? नागपूरच्या उन्हात कडक ऍसिड पट्ट्या खाऊन टाकतं.

बॅटरी बसवून झाली. दौलतनं बॉनेट पाडलं. मला वाटलं, बाई आता आत जातील. त्या सरळ रस्ता ओलांडून झाडाखाली गेल्या. तिथले सगळे ड्रायव्हर धडपडून उभे राहिले, एकानं विडी मागे लपवली.

"दौलतबद्दल तुम्ही काही ऐकलं असेल," बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "ते खोटं आहे. त्यानं बॅटरीला हात लावलेला नाही. मीच गाडीला उपाशी ठेवत होते."

मग विडीवाला म्हणाला, "मंग आता गाडीले डबा देता का, बाई?"

"देते ना," बाई म्हणाल्या. "रविवारी. कामठीला."

दौलत तिकडे बॉनेट पुसत होता. स्वच्छ होतं, तरी पुसत होता.

त्या रविवारी गाडी कामठीला गेली. मीही गेले, बाईंनी बळेच नेलं. सदर ओलांडून, इंदोऱ्यापुढे मोकळा रस्ता लागला आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा जो विझला तो थेट मावशींच्या दारात लागला. ओसरीवर बायका आधीच येऊन बसल्या होत्या. निरोप कसा गेला कोणास ठाऊक. त्यातली एक आठव्या महिन्याची, बाईंना बघून म्हणाली, "आल्या का वं बाई? आमी समजलो विसरल्या." बाईंनी पिशवीतून बाळाचे ठोके ऐकायची नळी काढली आणि त्या कामाला लागल्या.

ती बॅटरी चार उन्हाळे चालली. दौलत त्याहून पुष्कळ जास्त.

तेव्हा नवी बॅटरी घेण्याआधी एवढं बघा, की आपली गाडी दिवसभर जाते तरी कुठे. दुकानदार हे विचारत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा. विचारत असेल तर तो देईल ती घ्या.

आणि दुकान आता माझ्याकडे नसलं तरी मी आहे. या एकदा लवकर, गाडी घेऊनच या. पिचकारी अजून जपून ठेवली आहे, नाडी बघून देईन. फक्त शेजारच्या गल्लीत राहत असाल तर सरळ येऊ नका. वर्धा रोडला लांब चक्कर मारून या. तोवर मी चहा ठेवते.