माहेरचा बंब

माझ्या लग्नात बाबांनी तांब्याचा बंब दिला. महाराष्ट्र तेव्हा नवा नवा झाला होता, आणि नांदुऱ्यात आमच्या गल्लीत तरी सगळ्यांकडे चुलीवरच्या हंड्यातच पाणी तापायचं. त्यामुळे शेजारच्या बाया बंब पाहायला आल्या. सासूबाईंनी झाकण उघडून मधली नळी दाखवली, खालची जाळी दाखवली, तोटी फिरवून दाखवली. तेव्हा तो "आमचा बंब" होता.

दुसऱ्या हिवाळ्यात तो "तुह्या बापाचा बंब" झाला.

झालं असं की त्याच्या पाण्याचा भरवसा राहिला नाही. एके दिवशी चटका बसेल असं कढत पाणी निघायचं, आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच सरपण घालूनही तोटीतून कोमट धार. सासरे काही बोलत नसत. ते न्हाणीत रामनाम घेत, आणि पाणी जितकं गार तितका त्यांचा आवाज मोठा. त्या आवाजावरून अख्ख्या घराला बंबाचा ताप कळायचा. माझा नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होता. त्याचं उत्तर ठरलेलं, "पाहू रविवारी." असे किती रविवार आले नि गेले! बोलायच्या त्या फक्त सासूबाई, आणि त्या सगळ्यांच्या वाटचं बोलायच्या. भाजी घेताना बोलायच्या, विहिरीवर बोलायच्या. "दिसाले सोन्यासारखा, अन् पानी पाहा. जसा मानूस तसा त्याचा बंब." यातला माणूस म्हणजे माझे बाबा.

मला ते सहन व्हायचं नाही. मला आळशी म्हणा, माझ्या भाकरीला नावं ठेवा, मी ऐकून घेईन. पण बाबांनी उभ्या जन्मात कुणाला फसवलं नव्हतं.

त्यात नणंद बाळंतपणाला आली. मुलगा झाला. आता बाळंतिणीला नि बाळाला रोज कढत पाणी हवं, आणि बारशाला तर घर पाहुण्यांनी भरणार. व्याही म्हणून बाबांनाही माझ्या माहेरी, सोनाळ्याला, निरोप गेला होता. बारशाच्या दिवशी, चार पाहुण्यांदेखत, सासूबाई बाबांना तोंडावर बोलणार हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि बाबा मान खाली घालून ऐकून घेतील, हेही दिसत होतं. ते यायच्या आत बंब सुधारायचा, असं मी ठरवलं.

आधी मी सरपणाला दोष दिला. आमच्याकडे पऱ्हाट्या जाळायचे. कपाशीची ती वाळकी झाडं भडाभडा पेटतात नि तितक्याच लवकर विझतात. मी नवऱ्याच्या मागे लागून बाभळीची लाकडं आणवली. एक दिवस पाणी छान तापलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा रामनाम.

मग मी राख काढली. जाळीची भोकं एकेक करून सळईने मोकळी केली. धुराच्या नळीत पोतेऱ्याचा बोळा घालून काजळी ओढली, ती सगळी माझ्या तोंडावर आली. नणंद बाळाला पाजता पाजता हसली, मलाही हसू आलं, पण पाणी कोमटच. मग वाटलं, आमचं पाणी खारं, आतून थर धरला असेल. चिंच घालून बंब रात्रभर ठेवला, सकाळी काठीने आत खरवडलं, पांढऱ्या खपल्यांनी टोपली भरली. हात चिंचेने आणि राखेने असे फुटले की कणीक मळताना डोळ्यांत पाणी यायचं. तरीही सासूबाई पाण्यात बोट घालून म्हणाल्या, "याच्यापरीस तं विहिरीचं बरं." त्या दिवशी मी बंबाला लाथ मारली. तो हलला नाही, माझाच अंगठा सुजला.

बारसं चार दिवसांवर आलं आणि सासरच्या लांबच्या, सुतक न लागणाऱ्या नात्यात कुणी तरी वारलं. सकाळीच सगळे तिकडे गेले. घरात मी, नणंद नि बाळ. मी नेहमीसारखाच बंब पेटवला, आणि पाणी असं उकळलं की झाकण थडथडायला लागलं. बादलीत अर्धं थंड पाणी विसणाला घातलं तरी नणंद ओरडली, "वहिनी, सोलून काढता काय मले?"

मी तिथेच बसले. लाकूड तेच, राख तीच, पाणीही खारंच. आज घरात नव्हती ती फक्त माणसं.

दुसऱ्या दिवशी बंब पेटवून मी तांदूळ निवडायला घेतले आणि परसात, बंब दिसेल अशी बसले. सासरे तोंड धुवायला आले. बंबाचं झाकण उचललं, आत डोकावले, तांब्याभर थंड पाणी ओतलं आणि गेले. मागून नवरा आला, त्याने दोन तांबे ओतले. सासूबाईंनी बाळासाठी पातेलंभर पाणी काढलं आणि जागेवर कळशीभर ओतलं. एवढ्यावर थांबतील तर कशाला? हंडे लावता लावता त्यांनी पुन्हा झाकण उचललं. बाळंतीण बाहेर आली, तीही जाता जाता एक तांब्या देऊन गेली. एवढं पाणी तापायला बंब होता की भट्टी? मी आठवडाभर राख उपसत होते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हे.

माझा तोल गेला. सूप तसंच टाकून मी विचारलं, "तुम्ही सगळे यात घडीघडी पाणी काऊन ओतता?"

सासूबाई माझ्याकडे पाहतच राहिल्या. "काऊन म्हंजे? तुह्या बापानंच सांगतलं होतं ना. कोरडा जाळला तं सांध्याचा डाग सुटते, बंब हातचा जाते. साऱ्यांसमोर हात जोडून सांगतलं त्यानं. उद्या मह्या हातून बिघडला तं इवायाले काय तोंड दाखवू मी?"

सासऱ्यांनी मान हलवली. नवऱ्यानेही हलवली. म्हणजे जो तो, बंब आपल्या हातून जायला नको म्हणून, दुसऱ्याने ओतलंय की नाही ते न विचारता ओतत होता. बाबांना नावं ठेवायची, आणि त्यांचा शब्द मात्र देवाच्या नेमासारखा पाळायचा! हसावं की कपाळ बडवून घ्यावं ते मला कळेना. मी एवढंच म्हणाले, की उद्यापासून बंबात पाणी मी ओतीन, दुसऱ्या कुणी झाकणाला हात लावायचा नाही.

त्यानंतर पाणी एकदाही गार निघालं नाही. सासऱ्यांचं रामनाम मनातल्या मनात व्हायला लागलं. पण "बंब चांगला आहे" असं कुणी म्हणेल तर शपथ! वाईट बोलायला विहिरीपर्यंत गेलेली जीभ चांगलं बोलायला ओसरीपर्यंतही येईना. म्हटलं, जाऊ द्या. बाबा येतील, कढत पाण्याने आंघोळ करतील, तेवढं मला पुरे.

बारशाच्या सकाळी बाबा आले. अंगणात बायांची गर्दी होती, पाळणा सजत होता. बाबांच्या मागे स्टँडवरचा हमाल होता आणि त्याच्या डोक्यावर गोणपाटात गुंडाळलेलं काही तरी होतं. त्याने ते उतरवलं, बाबांनी गोणपाट सोडलं. आत कोरा करकरीत तांब्याचा बंब.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतके दिवस मी राखेत हात घातले ते कशासाठी? आणि यांनी चारचौघांत नवा बंब आणून पहिला खोटा होता असं स्वतःच कबूल केलं! बाजाराला येणाऱ्या कुणी तरी सासूबाईंचं बोलणं सोनाळ्यापर्यंत पोचवलं होतं.

"बाबा, पयल्या बंबाले काही झालं नाही," मी सगळ्यांदेखत म्हणाले.

"माहीत हाये मले," बाबा म्हणाले. "पानी भरून, जाळून पाहूनच देल्ला होता."

सासूबाई पुढे झाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "काऊन आनला, इवाई? पयला चांगला चालून राह्यला." हे त्या पहिल्यांदाच बोलल्या, आणि गर्दीत बोलल्या.

"चालून राह्यला तं चांगलंच हाये, इहीनबाई," बाबांनी हात जोडले. "पन दोन असले म्हंजे पोरीले पान्यावरून बोलनं बसनार नाही."

 मी बादली घेतली, पहिल्या बंबाची तोटी सोडली, न्हाणीत पाणी नेऊन ठेवलं आणि दार ओढून बाहेर उभी राहिले. आतून त्यांनी हाक मारली, "पोरी, लय कढत हाये वं. विसनाले थंडं दे." मी दाराशीच होते, तांब्याही हातात होता, पण ते अंगणापर्यंत ऐकू जावं म्हणून मी आणखी एक हाक येऊ दिली.